बाँडचे विनोद काढले तर खाली काय उरतं? हेरपट पुन्हा जुळवून गडद कसा करतात

२०२५च्या ऑगस्टमध्ये ‘रांझणा’ची तमिळ आवृत्ती पुन्हा चित्रपटगृहांत लागली, ती बदललेला शेवट घेऊन. मूळ चित्रपटात मरणारा नायक या आवृत्तीत एआयच्या मदतीने जगवला होता. दिग्दर्शक आनंद राय आणि नायक धनुष, दोघांनीही जाहीर नाराजी व्यक्त केली. तयार झालेला चित्रपट असा परस्पर बदलता येतो हे पाहून अनेकांना धक्का बसला.

तिथे दुःखाचं सुख झालं, तेही नवी दृश्यं बनवून. उलट्या दिशेचं काम त्याहून जुनं आहे आणि, खरं सांगायचं तर, जास्त अवघड. हलक्याफुलक्या चित्रपटाचा सूर गंभीर करायचा आणि त्यासाठी एकही नवी फ्रेम बनवायची नाही. चाहत्यांनी केलेल्या अशा फेरसंकलनाला ‘फॅन एडिट’ म्हणतात. ‘स्टार वॉर्स’च्या १९९९च्या भागाचं ‘द फँटम एडिट’ हे फेरसंकलन २००१मध्ये हातोहात फिरलं आणि हा प्रकार सर्वसामान्य प्रेक्षकांना माहीत झाला.

या लेखात एकच चित्रपट टेबलावर घेऊ: २००२चा ‘डाय अनदर डे’. जेम्स बाँड मालिकेतला विसावा आणि पिअर्स ब्रॉस्ननचा शेवटचा. लांबी १३३ मिनिटं.

हाच चित्रपट का?

कारण याच्या पोटात एक गंभीर चित्रपट आधीच आहे. सुरुवातीलाच बाँड उत्तर कोरियात पकडला जातो. चौदा महिने त्याचा छळ होतो. मग एका पुलावर कैद्यांची अदलाबदल होते, झाओ नावाचा मारेकरी तिकडे आणि बाँड इकडे. सुटून आल्यावर त्याची स्वतःचीच संस्था त्याच्यावर संशय घेते. त्याची प्रमुख एम त्याला स्पष्ट सांगते की आता तू आमच्या उपयोगाचा राहिलेला नाहीस. कुणीतरी आतल्या माणसाने त्याला विकलेलं असतं.

एवढा ऐवज हातात असताना चित्रपट त्याच्याकडे पाठ फिरवतो. दाढी उतरली की बाँड जणू सुट्टीवरून परत आलेला. मग अदृश्य होणारी गाडी, बर्फाचा महाल, महाकाय लाटेवर संगणकाने काढलेलं सर्फिंग आणि दर दुसऱ्या मिनिटाला द्व्यर्थी कोटी. चार वर्षांनी मालिकेने हे सगळं बाजूला ठेवून नव्या नटासह नवी सुरुवात केली. म्हणजे सूर बदलायला हवा हे खुद्द निर्मात्यांनाही पटलं होतं.

गडद म्हणजे अंधार नव्हे

नवखा माणूस पहिल्यांदा रंगांकडे धावतो. सगळं निळसर कर, काळोख वाढव. त्याने चित्रपट फक्त दिसायला कठीण होतो.

तमाशातला वग आठवा. राजा अन्याय करतो, प्रजा रडते आणि मध्येच सोंगाड्या येऊन काहीतरी बोलतो, लोक हसतात, छातीवरचं ओझं उतरतं. सोंगाड्याला काढा. राजाचा एकही संवाद न बदलता तोच वग अंगावर येईल. बाँडपटांत नायक आणि सोंगाड्या एकच माणूस असतो, खरी अडचण ही आहे. माणूस मारून तो लगेच कोटी करतो आणि त्या मरणाचं वजन शून्य होतं.

म्हणून गडद सूर म्हणजे परिणाम शिल्लक ठेवणं. मारलं, तर मारल्यानंतरची शांतता ठेवायची. मार खाल्ला, तर पुढच्या प्रसंगात तो दिसला पाहिजे. फेरसंकलकाला हे नव्याने चित्रित करता येत नाही. जे त्यावर बोळा फिरवतं ते मात्र काढता येतं.

चेहऱ्याबाबत तर फारच काढता येतं. रशियन दिग्दर्शक लेव कुलेशोव्ह यांनी शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिलं की नटाचा तोच निर्विकार चेहरा वाटीभर सूपानंतर दाखवला तर तो भुकेला वाटतो आणि शवपेटीनंतर दाखवला तर शोकाकुल. ब्रॉस्ननच्या गप्प चेहऱ्यात बरंच काही आहे, पण तो फार वेळ गप्प राहू दिलेला नाही.

कात्रीआधीची तयारी

मूळ प्रत स्वतः विकत घेतलेली ब्लू-रे असावी. पाल या टीव्ही-प्रसारण पद्धतीसाठी बनवलेल्या डीव्हीडीत चित्रपट सेकंदाला २४ऐवजी २५ फ्रेमने चालतो. १३३ मिनिटांचा चित्रपट सुमारे १२८ मिनिटांत संपतो आणि दुरुस्ती केलेली नसेल तर आवाजही किंचित चढा लागतो.

ब्लू-रेवरची फाइल थेट संकलनाला घेऊ नका. तिच्यात बहुतेक फ्रेम पूर्ण साठवलेल्या नसतात, आधीच्या फ्रेमपेक्षा काय बदललं एवढंच नोंदलेलं असतं. त्यामुळे कट अडखळतो. आधी प्रोरेस ४२२ किंवा डीएनएक्सएचआर स्वरूपात बदलून घ्या, त्यात प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते. पूर्ण चित्रपटाला ११५ ते १२० जीबी जागा लागते, तेवढी मोकळी ठेवा. सॉफ्टवेअर म्हणून डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती पुरते.

प्रोजेक्टचा वेग सेकंदाला २३.९७६ फ्रेम ठेवायचा, ब्लू-रेवरचा चित्रपट नेमका याच वेगाने चालतो. कुणी सवयीने २४ ठेवतो, फरक नगण्य वाटतो. पण चित्र २४ने आणि आवाज मूळ वेगाने चालला, तर १३३ मिनिटांच्या शेवटी दोन्हींत ८ सेकंदांची तफावत पडते. ओठ एक बोलतात आणि ऐकू दुसरंच येतं.

मग वहीत प्रत्येक प्रसंगासमोर दोन गोष्टी लिहायच्या: इथे प्रेक्षकाला कोणती नवी माहिती मिळते आणि इथे सूर कोणता आहे. माहिती नाही, सूर हलका, तो प्रसंग सरळ जातो. शेवटाकडचा, एमची सचिव मनीपेनी हिचा आभासी चष्म्याचा प्रसंग असाच, तो कुठेच अडकलेला नाही. माहिती आहे पण सूर हलका, तिथे खरी मेहनत.

एक वाक्य काढायचं तर

सुरुवातीचा पाठलाग घ्या. भूसुरुंगांच्या पट्ट्यावरून होव्हरक्राफ्ट धावतात, उत्तर कोरियाचा कर्नल मून कड्यावरून खाली जातो, बाँड एका मोठ्या घंटेला लटकून वाचतो आणि ‘घंटेने वाचवलं’ अशी कोटी करतो. पुढच्या काही क्षणांत त्याला अटक होणार आहे आणि चौदा महिन्यांचा नरक सुरू होणार आहे. ही कोटी इथे नकोच.

चित्रात काम सोपं आहे. ओठ हलायच्या सहा-आठ फ्रेम आधी कट करायचा, म्हणजे पाव ते एक तृतीयांश सेकंद. अगदी ओठांपाशी कट केला तर श्वास घेतलेला दिसतो आणि माणूस काहीतरी बोलणार होता हे कळतं.

आवाजात मात्र गाठ आहे. चित्रपटाचा ध्वनी सहा चॅनलमध्ये असतो: समोर डावा, उजवा आणि मधला, मागे दोन आणि सहावा फक्त खर्जासाठी. संवाद बहुतेक मधल्या चॅनलमध्ये असतात. पण घंटेचा नाद डाव्या-उजव्यातही पसरलेला असतो आणि संगीत चालूच असतं. चित्राबरोबर आवाज कापला की घंटेचा घुमारा तलवारीने तोडल्यासारखा थांबतो. टीव्हीवर कापून दाखवलेल्या चित्रपटांत गाणं मध्येच उडी मारतं तो हाच दोष.

उपाय असा. चित्र कापा, पण घंटेचा घुमारा दीड-दोन सेकंद पुढच्या शॉटवर ओढून घ्या आणि हळूहळू विरू द्या. म्हणजे सैनिक दिसू लागतात तेव्हाही नाद कानात असतो. जी घंटा विनोदाला कारण होती तीच आता अटकेची घंटा वाजवते. कटच्या जागी आवाजाच्या दोन तुकड्यांत एक-दोन फ्रेमचा क्रॉसफेड द्यायचा, म्हणजे एक आवाज उतरत असताना दुसरा चढवायचा, नाहीतर ‘टक’ असा बारीक आवाज येतो.

तिथल्या मोकळ्या जागेचा आवाजही हवा. कोणतीही जागा पूर्ण शांत नसते. वारा, यंत्राची घरघर, खोलीचा स्वतःचा असा एक आवाज असतो, त्याला रूम टोन म्हणतात. प्रत्येक प्रसंगातून संवाद नसलेला एखादा तुकडा शोधून वेगळा काढून ठेवा. काढलेल्या वाक्याच्या जागी हाच भरायचा. नुसती शांतता टाकली तर स्पीकर बंद पडल्यासारखं वाटतं.

गोष्टीचा कणा मोडू नये म्हणून

तयार सदरा लहान करायचा तर शिवण उसवली तरी सुईची जुनी भोकं दिसतात. प्रसंगांचंही तसंच आहे.

अदृश्य गाडी घ्या. बाँडला साधनं पुरवणारा क्यू ती दाखवतो तो भाग काढला की ती साधी गाडी होते. पण आइसलँडच्या पाठलागात ती शेवटच्या क्षणी अदृश्य होऊन हुलकावणी देते आणि म्हणून झाओची गाडी वेगाच्या भरात खाली पाण्यात जाते. अदृश्य होणं काढलं की प्रश्न पडतो, झाओ का पडला? सुदैवाने पाठलाग इतका वेगवान आहे की झाओ चालून येतो आणि थेट त्याची गाडी कोसळते असं जोडलं तरी नजर ते मान्य करते. बर्फावर गाडी आवरली नाही असं प्रेक्षक धरून चालतो. मध्ये ब्रेकचा किंवा टायर घसरल्याचा आवाज त्याच पाठलागातून घेऊन ठेवला तर शंका उरत नाही.

लाटेवरचं सर्फिंग त्याहून कठीण. बाँड रॉकेटच्या गाडीत बसून निसटतो, खलनायकाच्या उपग्रहाचा किरण मागे लागतो, कडा तुटतो, लाट येते. फक्त लाट काढली तर माणूस कड्यावर लटकलेला आणि पुढच्या क्षणी सपाट बर्फावर. इथे मोह आवरून मागे जायला हवं. गाडी कड्यापर्यंत पोहोचण्याआधीच प्रसंग सोडायचा, मध्ये जिंक्सचा, म्हणजे बाँडच्या साथीदार अमेरिकन हेर स्त्रीचा, एक शॉट घालायचा आणि परत आल्यावर बाँड स्नोमोबाइलवर. दुसऱ्या ठिकाणचे दहा सेकंद दाखवले की इकडे काही वेळ गेला असं प्रेक्षक आपोआप समजतो. संकलनातली ही सर्वांत भरवशाची युक्ती आहे.

हाँगकाँगच्या बंदरात तो इच्छाशक्तीने हृदयाचे ठोके मंदावून डॉक्टरांना फसवतो. ते पूर्ण काढा. एमचा निकाल, बाँडचा चेहरा आणि थेट पाण्यातून बाहेर येणारा माणूस. कसा सुटला हे न सांगितल्याने तो जास्त धोकादायक वाटतो.

आणि एक प्रसंग असा, जो काढावासा वाटतो पण काढता येत नाही: बाँडच्याच संस्थेतल्या मिरांडा फ्रॉस्टबरोबरची रात्र. प्रणयाचा प्रसंग म्हणून तो गंभीर आवृत्तीत खटकतो. पण पुढे ऐन वेळी बाँडची पिस्तूल रिकामी निघते, कारण ती तिने रिकामी केलेली असते. आतून विकणारी व्यक्ती तीच. ही रात्र गेली तर विश्वासघाताला वजन राहत नाही. म्हणून दोघांच्या चटपटीत बोलण्यातलं जमेल तेवढं काढायचं आणि जवळीक ठेवायची.

क्यूबात जिंक्सशी पहिल्या भेटीतल्या कोट्या अशाच छाटाव्यात, पण तिचं नाव कळणारं वाक्य राखून. ते गेलं तर पुढे तासभर ही बाई कोण हेच कळत नाही.

संगीत: सर्वांत जास्त वेळ इथेच जातो

ध्वनीत सगळ्यात चिवट गोष्ट म्हणजे पार्श्वसंगीत. डेव्हिड अर्नोल्ड यांचं संगीत ठेक्यावर चालतं. मधले चार सेकंद काढले की ठेका चुकतो आणि कान तो लगेच पकडतो, संगीत न शिकलेल्या माणसाचाही. म्हणून शक्य तिथे कट ठेक्यावर बसवायचा, पूर्ण आवर्तन मोजून. ते जमलं नाही तर चित्राचा कट दोन-चार फ्रेम सरकवावा, ठेका सरकवू नये.

संगीत पूर्ण काढायचं असेल तर मधला चॅनल तेवढा ठेवून बाकीचे बंद करतात. संवाद वाचतात, पण पावलं, वारा, गोळ्यांचे प्रतिध्वनी सगळं जातं. ते ध्वनिमुद्रणांच्या मोफत संग्रहांतून एकेक करून परत बसवावं लागतं. दोन मिनिटांच्या प्रसंगाला अख्खा दिवस जातो. एआयवर चालणारी साधनं आता संवाद, संगीत आणि इतर ध्वनी वेगळे करून देतात. ती मदत मोठी आहे. मात्र त्यांनी वेगळा केलेला आवाज कधीकधी पाण्याखालून आल्यासारखा येतो. तो उघडा ठेवू नये, वर रूम टोनचा थर द्यावा.

नव्या जागी संगीत हवंच असेल तर याच चित्रपटातला एखादा संथ तुकडा वापरावा. बाहेरचं संगीत कितीही चांगलं असलं तरी परक्या घरच्या भांड्यासारखं वेगळं वाजतं.

शीर्षकगीताचा प्रश्न वेगळा आहे. छळाची दृश्यं श्रेयनामावलीतच गुंफलेली आहेत आणि त्यावर मॅडोनाचं नाचरं गाणं आहे. दृश्यं काढली तर चौदा महिने गेले कुठे? म्हणून चित्र तसंच ठेवून गाण्याऐवजी पाणी, साखळ्या आणि श्वास एवढंच ठेवणं हा मार्ग मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. शिवाय त्यामुळे चित्रपट घडवणाऱ्यांची नावं पडद्यावर राहतात. ती कधीच कापू नयेत.

रंग: शेवटी आणि थोडाच

संकलन पक्कं झाल्यावरच रंगाला हात लावा. रंगांची तीव्रता १५ ते २० टक्क्यांनी उतरवली आणि मधल्या उजेडाच्या छटा किंचित खाली घेतल्या की पुरे. क्यूबाचा भाग उबदार पिवळा आहे, तो सगळ्यात जास्त बदलावासा वाटेल. पण तो थोडा उबदार राहिला तरच नंतरचा बर्फ थंड वाटतो. कातडीचा रंग हिरवा-राखाडी झाला की हात आखडता घ्या.

ब्लू-रेवर प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. अंधार जास्त ओढला की त्या पायऱ्या आकाशात आणि बर्फावर पट्ट्यांसारख्या दिसू लागतात. वर फिल्मसारखा बारीक कण टाकला की पट्ट्या मिटतात. काळा रंग पूर्ण काळा करून टाकला तर तिथला तपशील कायमचा जातो.

चित्रपटात मध्येच वेग वाढवून पुन्हा मंद करण्याचे शॉट आहेत. ते सरळ करता येत नाहीत. वेगवान भागातल्या फ्रेम आधीच टाकून दिलेल्या आहेत, त्या कुठूनही परत येणार नाहीत. त्यामुळे मधला भाग काढून दोन टोकं जोडणं एवढंच शक्य आहे.

हा दिग्दर्शकाचा अपमान नाही का?

हा आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकू नये. मूळ आवृत्ती पुसून तिच्या जागी दुसरी बसवली तर तो अन्याय आहे. फेरसंकलन मूळ चित्रपटाच्या शेजारी उभं राहतं, त्याची जागा घेत नाही. आपल्याकडे बाँडपट कापला गेलाच नाही असंही नाही. २०१५मध्ये ‘स्पेक्टर’मधली चुंबनदृश्यं सेन्सॉर मंडळाने निम्म्यावर आणली आणि प्रेक्षकांना चित्रपटगृहात दुसरा पर्यायच नव्हता. फेरसंकलन पाहणारा माणूस ते जाणूनबुजून, मूळ पाहून झाल्यावर पाहतो. हा फरक महत्त्वाचा आहे.

कायदा काय म्हणतो?

१९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ खासगी वापरासाठीच्या वाजवी वापराला मोकळीक देतं. स्वतःच्या प्रतीवर घरी शिकण्यासाठी काम करणं आणि ते जगापुढे ठेवणं यांत मोठं अंतर आहे. पूर्ण फेरसंकलन इंटरनेटवर चढवलं की ते वितरण होतं, पैसे घेतले नाहीत तरीही. डिस्कचं कुलूप तोडण्याबद्दल कलम ६५-ए वेगळं आहे. आणि एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते: आपल्या कायद्यात चित्रपटाचा कर्ता निर्माता मानला जातो, दिग्दर्शक नव्हे. ‘रांझणा’च्या वादात दिग्दर्शकाची बाजू नैतिकदृष्ट्या भक्कम असूनही कायद्याने अवघड का होती, ते इथे कळतं.

नुसतं गंभीर केलं म्हणजे चांगलं झालं का?

नाही. मालिकेतले कित्येक भाग त्यांच्या खेळकरपणामुळेच चांगले आहेत. त्यांतला विनोद काढला तर हाती सांगाडा उरेल. फेरसंकलन तिथेच करावं जिथे गोष्ट एक मागते आणि सूर दुसराच लागलेला आहे. या चित्रपटातही सगळे विनोद काढू नयेत. पहिल्या अर्ध्या तासात शून्य, पुढे दोन किंवा तीन, तेही कोरडे. एकही ठेवला नाही तर बाँड ओळखू येत नाही.

शेवट कुठे करायचा

मूळ चित्रपट हिऱ्यांशी खेळणाऱ्या बाँड आणि जिंक्सवर संपतो. तो गोडवा या आवृत्तीला झेपत नाही. विमान तुटत असताना दोघं हेलिकॉप्टरमधून निसटतात, इंजिन ऐन वेळी सुरू होतं. त्यांचं बोलणं सुरू होण्याआधी तिथेच कट. पात्यांचा आवाज चित्र गेल्यावरही तीन सेकंद चालू ठेवा. काळा पडदा. मग श्रेयनामावली, पण पहिली वीस-एक सेकंद संगीताशिवाय.

एवढं झालं की फाइल दोन दिवस बाजूला ठेवा आणि मूळ चित्रपट कधीच न पाहिलेल्या माणसाला दाखवा. त्याच्याशेजारी कागद घेऊन बसा. ‘हा इथे कसा आला?’ असं तो जिथे विचारेल तिथली वेळ लिहून घ्या. समजावून सांगू नका, फक्त लिहून घ्या.